पागोळ्या नसलेलं घर

साल १९८८. माझं वय त्रेचाळीस. भिवंडीबाहेर राहनाळच्या रस्त्याला आमचं दूरक्षेत्र होतं, म्हणजे मुख्य ठाण्याची लहान चौकी, आणि तिथला हवालदार मी. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीत फुगून आलेली प्रेतं बाहेर काढली. त्यातली बरीचशी तोंडं आता आठवत नाहीत. पण एक घर आहे, ते काही जात नाही. डोळे मिटले की त्याची चौकट समोर उभी राहते, आणि तिच्या उंबऱ्यावर बसलेली म्हातारी.

आधीच सांगतो, मी शिकलेला माणूस नाही. सातवीत शाळा सुटली. भरतीच्या वेळी उंची आणि छाती भरली म्हणून घेतलं. पंचनामा लिहायला मी दुसऱ्यांचे कागद बघून बघून शिकलो. ही हकिगत लिहायला घेतली तेव्हा मुलगी म्हणाली, बाबा, तुम्ही सांगा, मी लिहिते. मी म्हटलं, नको. चूक माझी होती, लिहीनही मीच. नावं मात्र कुणाची घालणार नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी एक बाई चौकीत आली. पंचेचाळिशीची, कपाळ मोकळं, पायात धूळ. जवळच्याच गावची, शेतकरी घरातली विधवा. समोरच्या बाकावर बसली नाही, उभीच राहिली.

"हवालदार दादा, माझ्या जागेत घर आलंय."

"आलंय म्हणजे? बांधलंय म्हणा."

"बांधताना कुनी बघितलं न्हाय. म्हनून आलंय म्हनते."

तिची हकिगत अशी. रस्त्याला लागून तिचा वीसेक गुंठ्यांचा माळ. वरकस जमीन, भात होत नाही, नुसतं गवत. नवरा गेल्यावर भाताची खाचरं दिरांनी वाटून घेतली, हिच्या नावावर एवढा माळ राहिला. दिवाळीनंतर गवत कापून विकायचं आणि वर्ष काढायचं. पण समोरच्या बाजूला गोदामं उठू लागली होती, आणि ज्या माळाकडे कुणी थुंकत नव्हतं त्याची लोक पावलांनी मापं घेऊ लागले होते. दत्तजयंतीच्या दुसऱ्या दिवशी ती लेकीच्या बाळंतपणाला पालघरकडे गेली. संक्रांतीला परत आली तर माळावर घर.

"जाताना मोकळा माळ व्हता दादा. आली तं घर. आन् घर नवं न्हाय. माझ्यापेक्षा म्हातारं हाय."

मी हसलो. तिला राग आला नाही. ती नुसती बघत राहिली, आणि मला माझं हसणं आवरावं लागलं.

त्या रस्त्यानं मी चार वर्षं सायकलवरून जात होतो. तिथं घर असल्याचं मला आठवत नव्हतं. पण डिसेंबर महिनाभर मी नागपूरला अधिवेशनाच्या बंदोबस्तावर होतो, आणि आल्यापासून त्या अंगाला फिरकलो नव्हतो. म्हटलं, बघून येऊ.

गेलो तो शुक्रवार. शुक्रवारी भिवंडीतले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, बंद. एरवी कामतघरापासून जो खटखटाट हवेत असतो तो नव्हता. दुपारची तीनची वेळ, ऊन पांढरं पडलेलं, आणि माळाच्या मधोमध ते घर बसलेलं.

बाई खरं बोलत होती. घर जुनं होतं. नळीची कौलं शेवाळानं काळी पडलेली. सागाचे खांब हात लावून लावून गुळगुळीत झालेले. दाराची चौकट तर अशी की उंबरा मधे झिजून द्रोणासारखा खोल झालेला. इतका झिजायला दोन-तीन पिढ्यांचे पाय लागतात. चौकटीच्या बाजूला कुणीतरी पोरांची उंची मोजून खिळ्यानं रेघा ओढलेल्या होत्या, खालपासून वरपर्यंत. आत कुडाच्या भिंती, काजळीनं काळं आढं, कोपऱ्यात देव्हारा.

आणि आवाज कसलाही नाही. जुन्या घराला आवाज असतो. पाल चुकचुकते, वळचणीला चिमण्या भांडतात, उंदीर पळतो. इथं काही नाही. अंगणात कुत्रं नाही. रस्त्यावरचं एक कुत्रं माझ्या मागं मागं आलं होतं. ते माळाच्या कडेला थांबलं आणि परत फिरलं.

उंबऱ्यावर एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची असेल. मला बघून तिला नवल वाटलं नाही. जणू मी रोज येतो.

"ये बाबा. चपला भायेर काढ आन् ये."

"आजी, ड्युटीवर आहे. बूट काढता येत नाहीत."

तिनं माझ्या बुटांकडे पाहिलं, मग वर माझ्या तोंडाकडे. बाजूला सरकून तिनं वाट दिली आणि मी बुटांसकट तो उंबरा ओलांडला. आत गेल्यावर पाठीत थंड पाणी सोडावं तसं झालं. मी ते उन्हातून सावलीत आल्याचं समजलो.

आतून एक माणूस बाहेर आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, गोड बोलणं. "साहेब, मी पुतण्या. ही माझी चुलती. आमचं घर तीस वर्षांच्या वर इथंच आहे. बाईंचा काहीतरी गैरसमज आहे."

मी म्हातारीला विचारलं, "आजी, ह्या घरात किती वर्षं?"

"लगीन झालं तवाच्यान. ह्याच उंबऱ्यावरचं माप वलांडलं मी. माझी तिनी पोरं ह्याच घरात झाली." ती खोटं बोलत नव्हती. एवढी वर्षं माणसांची तोंडं वाचली होती, खोटं बोलणाऱ्याचा डोळा मला कळतो. मग तिनं हळूच विचारलं, "तू वरून आलास ना? नदीला पानी हाय का रं? आता रातचा आवाज येत न्हाय."

पुतण्या हसला. "खाडीला नदी म्हणते, साहेब. वय झालंय."

पंचांसाठी मी रस्त्यावरच्या चहाच्या टपरीवर गेलो. इथंच मी पहिली चूक केली. पंच शोधायला गावात जायला पाहिजे होतं. पण पंच मिळत नाहीत, मिळाले तर कोर्टाला घाबरतात, म्हणून टपरीवर बसलेले दोघे उचलायचे ही आमची सगळ्यांचीच सवय. मी विचारलं, "काय रे, ते घर कधीपासून आहे?"

टपरीवाला दुधात पळी फिरवत म्हणाला, "घर तं कायम हाय साहेब. तुमीच नवीन."

सगळे हसले, मीही हसलो. आणि मी लिहिलं, 'सदर ठिकाणी कौलारू, जुने, राहते घर असून ते किमान तीस वर्षांपूर्वीचे दिसते.' पंचांच्या सह्या घेतल्या, खाली माझी. बाई पूर्ण वेळ रस्त्यावर उभी होती. तिच्या स्वतःच्या माळावर तिनं पाय ठेवला नाही. मी तिला सांगितलं, बाई, ही दिवाणी बाब आहे, वकील बघा. अदखलपात्र म्हणून नोंद केली आणि तिला समजपत्र दिलं, म्हणजे कोर्टात दाद मागा असा छापील कागद.

तिनं समजपत्र घडी करून कमरेला खोचलं. "मी खोटी आसन तं मला बेड्या घाला दादा. पन खरी आसन तं ते घर कुठून आलं तेवडं सांगा."

दुसऱ्या दिवसापासून ती रोज चौकीसमोरच्या चिंचेखाली येऊन बसू लागली. बोलायची नाही. भाकरी आणायची, खायची, संध्याकाळी उठून जायची. मी जाता-येता मान दुसरीकडे वळवायचो. चौथ्या दिवशी माझा शिपाई म्हणाला, "हवालदार, मावशी आपली हजेरी घ्यायला बसल्यात." मी त्याला झापलं.

आठवड्यानं मुख्य ठाण्यात गेलो तेव्हा तिथल्या मोठ्या साहेबांच्या, म्हणजे इन्स्पेक्टरांच्या, कानावर घातलं. साहेब शांत माणूस. म्हणाले, "बघा हवालदार, पोलीस कुणाचं घर पाडत नाही आणि कुणाला ताबाही देत नाही. पण जबरदस्तीनं ताबा घेतला असेल, त्यावरून दंगा व्हायची भीती असेल, तर आपण कलम एकशे पंचेचाळीसचा रिपोर्ट तहसीलदारांकडे पाठवतो. ते कार्यकारी दंडाधिकारी. आपला रिपोर्ट त्यांच्याकडे पोचायच्या आधीच्या दोन महिन्यांत ताबा गेला असेल, तर कायदा असं धरू शकतो की ताबा बाईचाच आहे. ते झालं की सगळं सोपं. दोन महिने उलटले की ती दिवाणी कोर्टाच्या पायऱ्या झिजवत मरणार."

मी मनात मोजलं. दत्तजयंतीपासून धरलं तर हातात बारा-तेरा दिवस.

"मग पाठवूया ना साहेब."

"कशावर पाठवू?" त्यांनी माझाच पंचनामा माझ्यापुढे सरकवला. "तुमचा कागद म्हणतो घर तीस वर्षांचं. त्या पुतण्याच्या वकिलानं नक्कल मागितली आहे. हाच कागद ते कोर्टात लावतील."

मी म्हटलं, "मी जे दिसलं ते लिहिलं."

"तेच म्हणतोय. दिसलं ते लिहिलंत."

त्यांचा सूर चढा नव्हता, पण मला लागायचं तिथं लागलं. मी हट्टी माणूस. परत येताना सगळ्या रस्त्यानं मनात भांडत आलो की पंचनामा बरोबरच आहे. घर जुनं आहे म्हणजे आहे. ते मला शिकवावं लागत नाही. आमचे वडील चाळीस वर्षं गावोगावी घरं शाकारत फिरले. पावसाळ्याआधी कौलं उतरवायची, फुटकी बदलायची, वासे बघायचे, परत चढवायची. मी त्यांच्या हाताखाली वर कौलं फेकत वाढलो. जुनं घर मला वासावरून कळतं. आणि तरी, त्या माळावर घर असल्याचं मला आठवत नव्हतं. ह्या दोन्ही गोष्टी खऱ्या कशा? झोपेत मला तो उंबरा दिसू लागला. त्याच्यावर माझ्या बुटांचे ठसे.

रविवारी सकाळी घरी होतो. बायको अंगण सारवत होती आणि पुटपुटत होती. "किती थापा, किती थापा, ह्या रेघेत सारवण टिकेल तर शपथ."

"कुठल्या रेघेत?"

"ही काय, पागोळ्यांची. दरवर्षी भरते, दरवर्षी पडते."

मी बघितलं. आमच्या छपराच्या कडेखाली, भिंतीपासून दीड हातावर, जमिनीत खळग्यांची सरळ ओळ होती. कौलाच्या प्रत्येक नळीखाली एक खळगा. पावसाळ्यात नळीतून धार पडते, वर्षानुवर्षं त्याच जागी पडते आणि माती खाते. खालचे खडे उघडे पडतात. कौलारू घर कुठलंही घ्या, ही रेघ त्याच्याभोवती असतेच. वडील तर छपराकडे बघायच्या आधी खाली बघायचे. कुठली नळी फुटली आहे ते त्यांना जमिनीवरून कळायचं.

मी तसाच बनियनवर उभा राहिलो. बायको म्हणाली, "काय झालं? तोंड का असं?"

मी म्हटलं, "मी छपराकडं बघितलं."

शर्ट आणि बूट चढवले, सायकल काढली आणि गेलो. लूम चालू होते तरी माळावर पोचलो तसा तो आवाज मागं पडल्यासारखा वाटला. घराला मी चारी बाजूंनी फेरी मारली, वाकून, जमिनीला नाक लावावं तसा. रेघ नव्हती. एक खळगा नाही. अंगणाची माती थापून सपाट केलेली, वळचणीखालीही तशीच सपाट. तीस वर्षांच्या घराभोवती पाण्याचा एक थेंब पडलेला नव्हता. ह्या घरानं इथं एकही पावसाळा पाहिलेला नव्हता.

अंगावर काटा आला. घर खोटं असतं तर आला नसता. घर खरं होतं, जमीन खरी होती, पण दोघांची ओळख नव्हती.

म्हातारी उंबऱ्यावरच होती. पुतण्या बाजारात गेला होता. ती म्हणाली, "ये बाबा. चपला भायेर काढ." मी घाईत होतो. ह्या वेळीही बुटांसकट आत गेलो.

आत मान वर केली. आता मी वडिलांच्या डोळ्यांनी बघत होतो. चुलीवरच्या आढ्याला काजळी जास्त धरते, हे कुणालाही माहीत असतं. इथं चूल होती उजव्या कोपऱ्यात, आणि तिच्यावरचे वासे नुसते तपकिरी. डांबरासारखे काळे वासे होते ते देव्हाऱ्याच्या वर. देवांना कुणी चुलीचा धूर देत नाही. ज्यानं हे घर उभं केलं त्याला मूळची चूल कुठं होती ते माहीत नव्हतं.

"आजी, तुमची चूल कुठं होती?"

तिनं देव्हाऱ्याकडे बोट केलं. "तितं व्हती. ह्यांनी हलवली. मी सांगते, कुनी आयकत न्हाय."

"आणि नदी?"

"उंबऱ्यातनं दिसायची." तिनं रस्त्याकडे हात केला. तिथं एक ट्रक उभा होता आणि त्याच्यामागं गोदामाची पत्र्याची भिंत. "तितं घाट व्हता. पलीकडं डोंगुर. आता डोंगुर बी दिसत न्हाय. माझी नजर गेली आसल."

मी विचारलं, "आजी, तुमचं गाव कुठलं?"

तिनं सांगितलं. वरच्या तालुक्यातलं गाव. मला माहीत होतं, कारण धरणाचं पाणी चढलं तेव्हा तिथल्या लोकांना उठवायच्या बंदोबस्तावर मीही होतो. ते गाव पाण्याखाली जाऊन सात-आठ वर्षं झाली होती. म्हातारी मला ज्या घरात बसायला सांगत होती, ते जिथं होतं तिथं आता चाळीस हात पाणी उभं होतं.

मी तिला हे सांगितलं नाही. मला सांगता आलं नाही.

पुतण्याला चौकीवर बोलावलं. हात लावला नाही, हे मुद्दाम लिहितो, कारण लोकांना वाटतं आम्हाला तेवढंच येतं. चहा दिला. गप्पा मारल्यासारखं विचारलं, "घराची शाकारणी कोण करतं?"

"आम्हीच करतो साहेब. दरवर्षी."

"गेल्या पावसाळ्यात गळलं का?"

"थोडंसं. मागच्या बाजूला."

"मग पागोळ्या कुठं पडल्या?"

शहरात चाळीत वाढलेला माणूस. त्याला प्रश्न कळला नव्हता, पण आपण पकडले गेलो एवढं कळलं. मी म्हटलं, "चल, मला दाखव. तीस वर्षांच्या पागोळ्या दाखव, मी तुझ्या बाजूनं सही करतो."

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. तो कुणाचा पुतण्या नव्हता. समोरच्या एका गोदामवाल्याचा माणूस होता. गोदामवाल्याला तो माळ हवा होता, बाई विकत नव्हती. नवं बांधकाम केलं तर उठून दिसतं, लगेच तक्रार होते. म्हणून डोकं असं लढवलं की बांधायचंच ते जुनं. धरणातून उठलेल्या लोकांनी घरं सोडताना लाकूड, कौलं, दारं काढून आणली होती आणि कुठं कुठं रचून ठेवली होती. त्यातलं एक अख्खं घर विकत घेतलं. दत्तजयंतीनंतरच्या आठवड्यात सुतार आणून चार दिवसांत उभं केलं, कुडाला जुना रंग यावा म्हणून राख आणि शेण कालवून लिंपलं. टपरीवाला आणि ते दोन पंच आधीच बांधलेले. आजूबाजूचे लोक गोदामवाल्याला घाबरून गप्प, आणि काही जण खरोखरच घराला घाबरलेले.

"आणि म्हातारी?" मी विचारलं.

तो खाली बघून म्हणाला, "ती आम्ही आणली नाही साहेब. ती आली. कामतघरला मुलाच्या खोलीत राहते. मुलगा लूमवर. त्यानंच लाकूड विकलं. चौकट ट्रकमध्ये चढवली तर ही चौकट सोडेना. हात सुटेनात. मग चौकटीबरोबर तिलाही चढवली. शेठ म्हणाले, राहू दे, कामाला येईल."

मी खूप जबाब घेतले. ह्याच्यासारखा दुसरा नाही.

पण जबाब पोलिसापुढचा, कोर्टात त्याला किंमत नाही. जमिनीचा पुरावा पाहिजे होता. दुसऱ्या दिवशी तलाठ्याला घेतलं, गावातून दोन म्हातारे पंच घेतले, साहेबांना बोलावलं. देव्हाऱ्याखालची जमीन हातभर लांब-रुंद खणली. वर सारवण, खाली मुरूम, त्याच्याखाली माळाची माती. आणि त्या मातीत गवताची खुंटं. विळ्यानं कापलेली, तिरकी, ओळीनं, मुळं अजून धरलेली. ह्याच दिवाळीनंतर कापलेलं गवत. एका पंचानं खुंट उपटून नाकाला लावलं आणि म्हणाला, "वलं हाय आजून."

बाई त्या दिवशी पहिल्यांदा माळावर आली. ते खुंट तिनं हातात घेतलं, बोटांनी फिरवलं आणि परत खड्ड्यात ठेवलं, जिथलं होतं तिथं.

रिपोर्ट लिहायला बसलो. साहेब म्हणाले, "दुसरा पंचनामा जोडलात की पहिल्याचं काय, असं विचारतील. खातेनिहाय चौकशी लागेल. लिहू का मी, की प्रथमदर्शनी दिशाभूल झाली?"

मी म्हटलं, "दिशाभूल घराची झाली, माझी नाही. मी शाकारणाऱ्याचा मुलगा. मी खाली बघितलं नाही." आणि माझ्या अक्षरात, माझ्या चुकांसकट लिहिलं, 'माझा दिनांक अमुकचा पंचनामा चुकीचा आहे. पंच मी टपरीवरून घेतले. जागेची पाहणी मी नीट केली नाही.' सही केली. कागद तहसीलदारांच्या टेबलावर पोचला तेव्हा दोन महिने पुरे व्हायला तीन दिवस बाकी होते. अतिक्रमणाचा गुन्हाही दाखल झाला. तो खटला पुढं अनेक वर्षं रखडला, तो वेगळा विषय. मला सेवापुस्तकात ठपका मिळाला. तो मी आजही बायकोला दाखवतो, बक्षिसासारखा.

हुकूम झाला चैत्राच्या शेवटी. ताबा बाईचा, बांधकाम सामनेवाल्यानं काढून न्यावं. बंदोबस्ताला मीच होतो. म्हातारी तोवर तिथंच होती. मुलाला दोनदा बोलावलं, तो म्हणायचा, "साहेब, खोलीत ठेवली की दार शोधत फिरते. घर आहे तोवर राहू द्या." मग तिला रोज भाकरी द्यायला कोण जात होतं ते मला मागाहून कळलं. ती विधवा बाई. एका बाजूनं तहसील कचेरीत तारखांना उभी राहायची, आणि संध्याकाळी त्याच घराच्या उंबऱ्यावर टोपली ठेवून यायची. मी विचारलं तर म्हणाली, "घर माझं न्हाय दादा, पन म्हातारी कुनाची तरी हाय ना."

सुतारांनी कौलं उतरवली, वासे काढले, कूड पाडला, खांब उपटले. म्हातारी उंबऱ्यावरून उठली नाही. तिला धक्का लावायची कुणाची हिंमत झाली नाही, माझीही. दुपारी चार वाजता उघड्या माळावर फक्त ती चौकट उभी होती, मागं काही नाही, पुढं काही नाही, आणि तिच्यात म्हातारी बसलेली. ट्रकवाले रस्त्यावर थांबून बघत होते. मजूर मागं सरकून उभे राहिले. मला कुणी विचारलं की भूत पाहिलं का, तर मी ती चौकट सांगतो.

शेवटी मुलगा शिफ्ट सोडून आला. "आये, चल." ती उठली, एका अंगानं चौकटीतून नीट बाहेर आली, आणि मागं हात करून नसलेलं दार ओढून घेतलं. मुलानं तिला रिक्षात बसवलं. चौकट उपटून ट्रकमध्ये गेली. मी ताबा पावती लिहिली, बाईनं अंगठा केला. तीन महिने तिला रडताना पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी मोकळ्या माळावर उभी राहून रडली.

ह्या प्रकरणानं मला काय शिकवलं ते मी पुढं प्रत्येक नव्या शिपायाला सांगितलं. ताबा कुणाचा हे बघायला गेलात तर आधी खाली बघा. कागद खोटा असतो, साक्षीदार खोटा असतो, आणि कधी कधी खरं बोलणारा माणूसही खोट्या जागी बसवलेला असतो. म्हातारीचा प्रत्येक शब्द खरा होता. तरी तिचं घर मला काढावंच लागलं, कारण जमीन दुसऱ्या बाईची होती. कायद्यानं मी बरोबर होतो. ते मला तेव्हाही माहीत होतं. तरी त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ड्युटीला जाताना मी मुद्दाम माळावरून गेलो. ऊन नुकतंच वर आलं होतं. जिथं घर होतं तिथं मुरमाचा चौकोन दिसत होता, बाकी मोकळं. आणि चौकोनाच्या पुढच्या अंगाला, बरोबर जिथं चौकट होती तिथं, म्हातारी बसली होती. कामतघरहून अंधारातच चालत आली असणार. पदर धुळीनं भरला होता.

तिनं मान वर करून पाहिलं. मी रोज येतो तसं.

"ये बाबा. चपला भायेर काढ आन् ये."

मी सायकल लावली. खाली बसून बुटांच्या नाड्या सोडल्या, बूट बाजूला जोडीनं ठेवले. मग उंबरा जिथं होता तिथं पाय उचलून ओलांडला, आणि आत जाऊन तिच्याजवळ बसलो.